पिवळे अभ्रे

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आमच्या सरांनी फर्मान काढलं: दुकानातले रंग बंद, आपापल्या घरातलं काहीतरी आणा. कुणी चिंचणीहून फाटकं जाळं आणलं, कुणी गोणपाट. मी बाबांच्या उशीचे जुने अभ्रे घेतले. बाबा बोईसरला रंगाच्या कारखान्यात होते. त्यांचे अभ्रे कितीही धुतले तरी मधोमध पिवळेच राहायचे, म्हणून आई ते फरशी पुसायला काढायची. मी ते जोडून चादरीएवढं कापड शिवलं, आणि सुरकुत्या जाव्यात म्हणून ओलं करून गॅलरीत टाकलं.

तिथेच घात झाला. शेजारचे काका त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. कापड बघून ते थबकले.

"ह्यो रंग तर आमच्याकडचा हाय," ते म्हणाले. "तिथं तर माणूस आंघोळ केल्याशिवाय भायेर पडत नाय. मग रंग घरी आला कसा?"

मी हसले. ते हसले नाहीत.

काकांनी वर सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी कारखान्याच्या साहेबांनी बाबांना बोलावलं. रंगाची पावडर चोरून बाहेर विकली जाते, असा त्यांना आधीपासूनच वहीम होता. कामाचे कपडे कारखान्यातच राहतात, मग घरच्या कापडाला डाग कसे? याचं उत्तर मिळालं नाही तर नोकरी जाणार होती, आणि आमची राहती खोलीही, कारण ती कारखान्याची होती.

बाबा म्हणाले, मी चोरी केलेली नाही. माझा विश्वास बसला का? नाही बसला. संशय ढेकणासारखा, एकदा गादीत शिरला की झोप विसरा. मी त्यांचा डबा हुंगला, खिसे चाचपले, चपला उलट्या करून पाहिल्या. आईने बघितलं, पण अडवलं नाही. तिनेही आधीच बघून घेतलं असावं.

सुट्टीच्या शुक्रवारी बाबांनी साहेबांनाच घरी बोलावलं. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. साहेब मोरीच्या दाराशी उभे असताना बाबांनी साबण लावून घसाघसा आंघोळ केली, लुंगी गुंडाळली, पंखा बंद केला आणि खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळात घामाने निथळायला लागले.

"साहेब, तुमचा रुमाल द्या. आमच्या घरातला नको, परत शंका नको."

साहेबांचा रुमाल पांढरा, इस्त्रीचा. बाबांनी मान पुसली, छाती पुसली आणि रुमाल पुढे केला. तो पिवळा झाला होता. माझ्या कापडाचाच पिवळा.

साहेबांनी तो परत घेतला नाही. "ठीक आहे. चोरी नाही," एवढं म्हणाले. जाताना दारात थांबून माझ्याकडे वळले. "ते कापड मात्र कुठे दाखवू नका." चहासुद्धा घेतला नाही.

आईने देवापुढे साखर ठेवली. नोकरी राहिली, खोली राहिली. दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पाळीला सायकल काढून निघाले. मी दारात उभी राहून त्यांच्या मानेकडे बघत होते. रंग कातडीच्या आत होता, साबणाने जाणारा नव्हता. हा माणूस चोर निघाला असता तर फार बरं झालं असतं, असं मला वाटलं.