अक्काचं पुठ्ठ्याचं घर

लेकीला पुठ्ठा चिकटवायला आज कणकेची खळ शिजवली आणि त्या वासानं शाहूपुरीतल्या आमच्या दोन खोल्या आठवल्या. तिथं थोरल्या अक्कानं टीव्हीच्या खोक्याचं घर केलं होतं. काड्यापेट्यांचा जिना, खिडक्यांना फुटक्या बांगड्यांच्या काचा.

"ही आई-आबांची खोली, ही तुझी."

"आणि तुझी गं?"

"मला रं कशाला? मी लगीन करून जाणार की!"

आम्ही सगळे हसलो.

लग्नानंतर वर्षभरात अक्का गारगोटीहून परत आली. पाठीवर वळ होते. आबा म्हणाले, "इथं कुठं जागा हाय आता?" मीच तिला एसटीत बसवून आलो. आठवड्यात ती गेल्याचा निरोप आला.

एका खोलीला असा कितीसा पुठ्ठा लागला असता?