कोपराएवढा देठ

माझ्या सासूबाई डोळ्यांच्या दवाखान्यात माळीण आहेत आणि त्याच दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीत बसते. म्हणजे घरी बोलणी खायची, आणि कामावरही सुटका नाही.

दवाखान्याच्या चौकात मांडीएवढं खोल तळं आहे. पट्टी सुटली की डॉक्टरीणबाई पेशंटला तळ्याच्या कट्ट्यावर आणून बसवतात आणि विचारतात, लाल मासे दिसतात का? त्यामुळे हे सतरा मासे सासूबाईंच्या लेखी दवाखान्याचा स्टाफच आहेत. सगळ्यांत थोराड माशाला त्या मुकादम म्हणतात. तो काम करत नाही, नुसता फिरतो, म्हणून.

मासे आहेत तिथं झाडं लावायची म्हणजे नसता उपद्व्याप. कुंडीत चिकणमाती भरायची, खत औषधापुरतंही नाही. वर गोटे अंथरायचे, नाहीतर मुकादम नाक खुपसून माती उकरतो. कुंडी तिरकी धरून हळूहळू बुडवायची. आणि बाहेरून आणलेलं रोप थेट तळ्यात कधीच नाही. आधी मागच्या खोल टबात आठ दिवस, रोज पाणी बदलून. ही शिस्त त्यांनी तीस वर्षं पाळली. कुणी वॉटर लिलीला कमळ म्हटलं, तर त्या मोठ्या डॉक्टरांनाही भर चौकात दुरुस्त करतात.

पण गेल्या वर्षापासून त्या विसरायला लागल्या. चष्मा फ्रीजमध्ये, किल्ली कुंडीत. मी थट्टा करायचे. एकदा हसता हसताच म्हणाल्या, "माझ्या विसरण्यापायी एक जरी मासा गेला ना, त्या दिवशी मी खुरपं खाली ठेवीन." त्या गंभीरपणे बोलत होत्या, आणि मी त्यानंतर थट्टा बंद केली.

परवा त्यांनी दोन नव्या वॉटर लिली लावल्या. मी चहा घेऊन गेले तेव्हा दोन-दोन विटांवर कुंड्या टेकवून झाल्या होत्या, पानं पाण्यावर ऐसपैस पसरली होती, आणि सासूबाई स्वतःवर खूश होत्या.

काल सकाळी रोपवाटिकेवाल्याचा फोन आला. "काकू, दहा दिवसांपूर्वी दिलेल्या लिलीवर माव्याची कीड होती, म्हणून मी औषध मारलं होतं. सांगायचं राहिलं. टबात ठेवल्या होत्या ना? ते औषध माशांना चालत नाही."

सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. चेहरा पांढराफटक.

"ठेवल्या होत्या ना, आई?"

"आठवत नाही गं." त्या पुन्हा म्हणाल्या, "खरंच आठवत नाही. त्याच्या उथळ ट्रेमध्येच व्हरांड्यात राहिल्या असतील तर?"

मी मागे धावले. टब घासूनपुसून पालथा घातलेला, कोरडा ठणठणीत; लिली त्यात होत्या की नाही, याची खूणच उरली नव्हती. काम झालं की लगेच भांडी घासायची ही त्यांची सवय, तिचा तेव्हा मला मनस्वी राग आला. परत येऊन पाहते, तर तळ्यात एकही मासा दिसेना. सासूबाई तोवर साडी खोचून पाण्यात उतरल्याही होत्या.

"दोन्ही कुंड्या काढते. मग जाळी आण. आणि मोठ्या डॉक्टरांना सांग, उद्यापासून दुसरा माणूस बघा."

मला रडू फुटायच्या बेतात होतं. त्यांनी पहिली कुंडी उचलली आणि तशाच थांबल्या. पानाचा लांबलचक देठ त्यांच्या मनगटावरून ओघळला होता. त्यांनी तो हाताला लावून पाहिला. मनगटापासून थेट कोपरापर्यंत.

"अगं, इकडे ये. हे बघ!"

"काय बघू?"

"ट्रेमध्ये कुंडीवर जेमतेम चार बोटं पाणी असतं. पान पाण्यावर पोचलं की देठ वाढायचा थांबतो. ट्रेमधून थेट आणली असती तर चार बोटंच देठ असता, पानं बुडाली असती, चार-पाच विटा लागल्या असत्या. मी किती लावल्या?"

"दोनच. आणि पानं तर लावली तेव्हाच वर होती. मी पाहिली होती."

"मग एवढा देठ वाढला कुठे?"

"टबात," मी म्हणाले. मी कट्ट्यावर बसकण मारली.

टबात रोप असलं की त्यातलं पाणी बदलल्याशिवाय त्या सकाळचा चहा घेत नाहीत, हे मला ठाऊक होतं; म्हणजे औषध कधीच धुऊन गेलं होतं. तेवढ्यात नव्या पानांच्या सावलीतून मुकादम बाहेर आला, मागून बाकीचे. लेकाचे गारव्याला जाऊन बसले होते! मी दोनदा मोजले. सतरा.

सासूबाई पाण्यातच उभ्या राहून रडल्या, मग मला रडताना बघून रागावल्या. कुंडी पुन्हा तिरकी धरून, तितक्याच हळू खाली सोडली. विटेवर बरोब्बर टेकली.

"मला आठवत नाही ते नाहीच," त्या म्हणाल्या. "पण केलं होतं मी."

"केलं होतं, आई."

मी हात देऊन त्यांना वर घेतलं. त्या कट्ट्यावर बसल्या आणि इकडेतिकडे पाहायला लागल्या.

"माझ्या चपला कुठे काढल्या मी?"

"पायात आहेत."

त्यांनी खाली पाहिलं. चपलांतून पाणी निथळत होतं. मग त्या इतक्या हसल्या की खिडकीसमोरची रांग वळून बघायला लागली. माझ्याकडे हात पुढे करत म्हणाल्या, "बघतेस काय? खुरपं दे."