आर्णीला, जिलबीला आणायला

बंगळुरूची नोकरी संपवून नागपूरला परत आले आणि पहिलं काम ठरवलं, जिलबीला घरी आणायचं. जिलबी म्हणजे माझी पाळलेली लेपर्ड गेको, बिबट्या पाल म्हणा. बंगळुरूच्या हॉस्टेलात तिला कोण घेणार? म्हणून दोन वर्षांपूर्वी, पिल्लू असतानाच, आर्णीच्या आत्याकडे ठेवली. आत्या पाल दिसली की पलंगावर चढणारी, पण नाही म्हणाली नाही. त्या दोन वर्षांत मी आईपेक्षा जास्त आठवण त्या पालीची काढली, आईनं वाचू नये.

जाणाऱ्यांसाठी सांगते: नागपूरहून वर्धा, कळंब, यवतमाळ करत एसटी आर्णीला जाते. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळे गर्दी पूर्ण. शेजारच्या काकूंची नजर माझ्या जाळीच्या डब्यावर.

"काय आनाले चाल्ली व?"

"पाल."

"काहून? नागपुरात पाली संपल्या का?"

अख्खी बस हसली, मीही हसले. कळंबला उतरून पायऱ्या उतरून चिंतामणीचं दर्शन घेतलं. मागणं एकच होतं: तिला मी ओळखू येऊ दे. बाहेर तर्री पोहे खाल्ले. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा, मर्दुमकी दाखवू नका. पुढची बस लगेच मिळाली. यवतमाळनंतर दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस आणि हिरवी तूर.

आत्यानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी चपलांसकट आत जाणार होते, शिव्या खाल्ल्या. काचपेटीतलं फुटकं मडकं तिनं उचललं, खाली ती. जाडजूड शेपटी, पापण्या असलेले डोळे. मला रडूच आलं. पट्टे जाऊन ठिपके झाले होते, पण त्यात नवल नाही. पिल्लाचे पट्टे वाढताना तुटतात आणि ठिपके होतात.

मग मी खिडकीचा पडदा सरकवला. ठिपके काळे होते.

जिलबी अल्बिनो. अशा पालीच्या अंगात काळा रंग नसतोच. पट्टे तपकिरी-गुलाबी, पुढे ठिपकेही तसेच, डोळे फिकट. वय वाढलं म्हणून काळं येत नाही. मला हे पक्कं माहीत होतं, तरी मी तिला तीनदा उजेडात धरलं. वाटत होतं, माझंच चुकत असेल. देवा, चुकू दे.

"आत्या, ही काळी कशी झाली?"

"उन्हानं काळवंडली असन. तूबी तं लहानपनी गोरी होतीस."

मग हळूहळू निघालं. दिवाळीच्या साफसफाईत जिलबी निसटली. आत्यानं धान्याच्या कोठ्यासुद्धा हलवल्या. पुढं कापूस वेचताना धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, दगडाखाली ही दिसली. "बाया वरडल्या, विषखापरा हाय, फुकला तरी मानूस मरते! मी म्हनलं, मरो. माही पोर हाय." आणि पलंगावर चढणाऱ्या माझ्या आत्यानं ती हातानं उचलली.

आता हिला काय सांगू? पण पाल धड खात नव्हती, आणि ती इथल्याच रानातली होती. रानातली बिबट्या पाल घरात ठेवणं गुन्हा आहे, वाचणाऱ्यांनीही ध्यानात ठेवा. विषारी ती मुळीच नसते. मी सांगून टाकलं. आत्या खालीच बसली.

"मंग माही जिलबी कुठं हाय व?"

दोघी रडलो.

संध्याकाळी शेतात गेलो. आत्यानं स्वतः तिला त्याच दगडांपाशी ठेवलं. पाल क्षणभर थांबली आणि आत शिरली. रात्री हिरव्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात होता, मी ताट तसंच सरकवलं.

रिकामा डबा घेऊन नागपूरला आले. मैत्रिणी म्हणतात, तश्शीच दुसरी घे. तश्शी मिळेलही. मला ती नकोय, मला जिलबी हवी आहे.

परवा आत्याचा फोन. तिनं वेचणीच्या सगळ्या बायांना बजावलंय, धुऱ्यावर पाल दिसली तर मारायची नाही, माझी असू शकते. मी विचारलं, "पण तुझी कोणती, हे त्या कशा ओळखतील?"

"ओळखाची कायले? एकीलेबी मारू नका म्हनलं."

आता बाया मारायच्या ऐवजी फोटो काढतात आणि आत्या ते मला पाठवते. सगळे हललेले, धूसर. मी एकेक मोठा करून आधी ठिपके पाहते. काळेच असतात. तरी फोन वाजला की हातातलं काम टाकून धावते.