सिद्धांत कुठे?

रत्नमाला शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासणीच्या टेबलावर कामाला होती. वय चौतीस. कंपनीची बस गारखेड्यातून सकाळी सहाला निघायची आणि त्या बसमध्येच ती एम. ए. मराठीचा अभ्यास करायची. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असत. दुसऱ्या वर्षाला तिला एक अनुवादित कादंबरी होती. दूरच्या कुठल्या बेटावरचा उसाचा मळा आणि त्यात राबणारे गुलाम.

बाकीची पुस्तकं तिनं परीक्षेपुरती वाचली, ही दोनदा वाचली. तिचे आईवडील वीस वर्षं ऊसतोडीला जात होते. लहानपणचे सहा-सात हिवाळे तिनंही फडात काढले होते. ते आणि हे एकच, असं काही तिला वाटत नव्हतं. आईवडील उन्हाळ्यात गावी परतायचे. कादंबरीतल्या माणसांना गावच उरलं नव्हतं. पण पानानं कापलेले हात तिला ओळखीचे होते.

कादंबरीत एक बाई तान्हं मूल बांधावर ठेवून दिवसभर ऊस तोडते, एकदाही वळून बघत नाही. गाईडमध्ये त्यावर लिहिलं होतं, 'वसाहतवादी व्यवस्थेने तिला मातृत्वापासून परात्म केले आहे.' म्हणजे तिचं लेकरात मनच उरलं नव्हतं. रत्नमालाला ते पटेना. तिनं आईला त्या बाईची गोष्ट सांगितली आणि विचारलं, "मी तान्ही असताना फडात तू माझ्याकडं बघायचीस का गं?"

"नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "नजर हलली की कोयता पायावर. कान असायचा तुझ्याकडं. तू रडायची थांबलीस की लई भ्या वाटायचं."

रत्नमालानं पुस्तक पुन्हा उघडलं. मूल गप्प झालं तेव्हा बाईचा हात थांबला, अशी एक ओळ तिथं होतीच. गाईडवाल्यानं ती सोडून दिली होती.

परीक्षेत वसाहतोत्तर सिद्धांताच्या आधारे कादंबरीचं परीक्षण करा, असा पंधरा गुणांचा प्रश्न आला. तिनं ती ओळ दिली, आईचं बोलणंही लिहिलं. पेपर राहिला. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली तर त्या उत्तराला तीन गुण होते आणि समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'सिद्धांत कुठे?'

केंद्रावरच्या अभय सरांनी ते उत्तर शांतपणे वाचलं.

"चांगलं लिहिलंय, ताई. पण मीसुद्धा सहाच्या वर देऊ शकलो नसतो. आधार लागतो."

"कादंबरीतली ओळ दिलीय की, सर."

"सिद्धांताचा आधार म्हणतोय मी."

"ज्यांचं कुणी ऐकलं नाही त्यांचं ऐका, असं तुम्हीच शिकवलं ना सिद्धांतात? मग माझ्या आईचं का चालत नाही?"

सर झेरॉक्सची पानं उगाच मागं-पुढं करत राहिले. "चालायला पाहिजे," ते म्हणाले. "पण तपासणाऱ्यापुढं नमुना उत्तर असतं."

त्यांनी तिला सिद्धांतावरची दोन जाड पुस्तकं दिली. दोन महिने बसमध्ये बसून तिनं ती वाचली. त्यातलं बरंचसं तिला पटलं, आणि त्यामुळंच ती जास्त चिडली. पुस्तकात होतं एक आणि गाईडात झालं होतं भलतंच.

पुन्हा परीक्षा दिली तेव्हा तोच प्रश्न आला. तिनं सुरुवात स्वतःच्या शब्दांत केली. चार ओळींनंतर हात थांबला. परत नापास व्हायची तिची तयारी नव्हती. तिनं त्या ओळींवर काट मारली आणि गाईडमधलं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. पंधरापैकी बारा मिळाले.

निकाल कळला त्या दिवशी मनकर्णाबाई मेथी निवडत होत्या. "मग त्या बाईचं काय लिव्हलंस?"

"तिचं लेकरात मन नव्हतं म्हणून लिहिलं."

मनकर्णाबाईंचा हात थबकला. "असं कसं लिव्हलंस गं?"

"पास व्हायचं होतं."

त्यांनी मेथीची जुडी पुढं ओढली आणि पुन्हा निवडायला लागल्या. रत्नमालाला वाटलं, आई रागवली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि सकाळचा युनिफॉर्म इस्त्री करायला घेतला. कॉलरवरून दोनदा इस्त्री फिरवली तरी ती सरळ बसेना, तेव्हा तिनं इस्त्री बंद केली आणि तशीच उभी राहिली.