पांढरी बट

मंद्रूपच्या रस्त्याला कुणालाही विचारा, "देवाची केराबाई कुठं बसते?" म्हणून. चहाच्या टपरीवरचा माणूस हातातली किटली खाली न ठेवता वस्ती दाखवेल आणि वर सांगेल, "रविवारी जावा. रांग असती, पर दर्शन हुतंय." केराबाईला मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही की बाई, तुला तिथं बसायचंय का. पन्नाशीला आली ती. देवाच्या माणसाला असलं काही विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

त्याचं झालं असं. केराबाई जन्मली तेव्हाच तिच्या कपाळावर मधोमध कापसासारखी पांढरी बट होती, आणि एक डोळा काळा तर दुसरा निळा. बाप तात्याबा मेंढरं राखणारा. त्याच्या घरात एक रीत होती. काळ्या मेंढीला कपाळावर पांढरा चांद असलेलं कोकरू झालं की ते बिरोबाला सोडायचं. सोडायचं म्हणजे गळ्यात घंटी बांधायची. मग ते विकायचं नाही, कापायचं नाही, आणि त्याच्या अंगाला कातर लावायची नाही. असा एखादा चांद्या कळपात कायम असायचा. लोकर वाढून पोटाखाली लोंबायची, तिच्यात कुसळं अडकायची, उन्हाळ्यात ते जनावर नुसतं धापा टाकायचं. पण देवाचं जनावर, त्याला हात कोण लावणार? तात्याबानं पोरीची बट पाहिली, भंडारा उधळला आणि तीच रीत पोरीला लावली. माणूस आणि मेंढरू यांत काही फरक असतो, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ज्यांच्या ध्यानात आलं ते गप्प बसले.

केराबाईच्या केसांना कधी कात्री लागली नाही. लग्नाची मागणी आली तेव्हा तात्याबा म्हणाला, "देवाची वस्तू माणसाला कशी देऊ?" झालं, विषय संपला. दर रविवारी आणि अमावास्येला तिनं देवळापुढच्या घोंगड्यावर बसायचं, लोकांनी पाया पडायचं, तिनं चिमूटभर भंडारा द्यायचा. आई लवकर गेली, तेव्हा पाठचा भाऊ शहाजी तिनंच वाढवला. बाकी आयुष्यात म्हणाल तर काही नाही.

एकदा पळाली होती. विशीत असताना केसांना काळा रंग फासून सोलापूरला गेली, एका चादरीच्या कारखान्यात गाठी बांधायला लागली. तिथल्या बायका आपसांत तेलुगू बोलायच्या, हिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, तरी तिला स्वर्ग वाटला. का तर तिच्याकडं कुणी बघत नव्हतं. मग एके दिवशी सिद्धाप्पा नावाचा गावाकडचा एक माणूस सूत पोचवायला आला, त्यानं तिचे डोळे पाहिले आणि चालू मागांच्या मधोमध तिच्या पायांवर डोकं ठेवलं. केस रंगवता येतात हो, डोळ्यांचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी तात्याबा जीप घेऊन दारात. पुन्हा पळायची हिंमत तिला झाली नाही.

पण एक गोष्ट तिनं स्वतःकडं राखली. तिनं कधी अंगात आणलं नाही. लोक विचारायचे, देवा, पोरगं होईल का, कोर्टात जिंकू का. ती गप्प. घुमणं नाही, हुंकार नाही. "मी बसते, मला बसवलंय म्हणून. पर खोटं बोलणार न्हाय," असं तिनं मनाशी धरलं होतं. सगळं गेलं तरी एवढं तिचं होतं, आणि त्याच्यावर ती जगत होती.

शहाजीला उशिरा मुलगी झाली. सोनम. तिच्या कपाळावर तीच बट, आणि दोन्ही डोळे निळेशार. तात्याबाच्या आनंदाला पारावार राहिला नाही. केराच्या माघारी घोंगडं ओस पडणार, ही चिंता त्याला होतीच. केराबाईनं मात्र पोरीला मांडीवर घेतलं आणि टोपडं पुढं ओढून ती बट झाकली.

पोर मोठी गुणाची. कुत्री भुंकू देत, फटाके वाजू देत, दचकायची म्हणून नाही. "देवाचं हाय, भ्यायचं कशाला?" म्हातारा कौतुकानं सांगायचा. दोन वर्षांची झाली, तिसरं सरत आलं, तरी पोर बोलेना. तेव्हा म्हातारा म्हणाला, "केरा बी कुटं बोलती?" एके दिवशी केराबाईनं पोरीच्या पाठीमागं पितळेची घागर मुद्दाम आपटली. खुराड्यातल्या कोंबड्या उडाल्या. सोनम मातीत रेघोट्या ओढत बसली होती, तशीच बसून राहिली.

मग आठवडी बाजाराचं निमित्त करून नणंद-भावजय पोरीला घेऊन सोलापूरला गेल्या. शहाजीची बायको सोनाली वाटभर पदरानं डोळे पुसत होती. दवाखान्यात कानाची डॉक्टर होती बुद्धप्रिया, सोलापुरातलीच, तरुण पोरगी. तिनं सोनमला काचेच्या खोलीत बसवून तपासलं, बाहेर आली, आणि तिची नजर केराबाईवर थांबली.

"मावशी, पदर जरा मागं घेता?"

असं म्हणणारे पुष्कळ भेटले होते. पदर सरला की ते वाकायचे. ही वाकली नाही. तिनं बॅटरी घेऊन दोन्ही डोळे पाहिले, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजलं आणि विचारलं, "तुमच्या भावाचे केस लवकर पिकले का?"

"तिशीच्या आदीच. लोक म्हनतेत काळजीनं."

"काळजीनं नाही." डॉक्टरनं तिघींचं रक्त घेतलं, पुढच्या खेपेला शहाजीचंही मागवलं. तपासणी बाहेरगावी झाली. उत्तर आलं तेव्हा तिनं दोघींना समोर बसवून सांगितलं.

"आपल्या अंगात जनुकं असतात. आईबापाकडून येतात, आणि अंग कसं घडायचं ते ठरवतात. त्यांतल्या एकाचं नाव पॅक्स-थ्री. ते स्वतः काही घडवत नाही, ते मुकादम आहे. बाकीच्या जनुकांना सांगतं, तू कामाला लाग, तू थांब. बाळ पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीच्या कण्यापाशी तयार होतात आणि तिथून चालत चालत कपाळापर्यंत, डोळ्यांपर्यंत, कानाच्या आतल्या शंखापर्यंत जातात. त्यांना वाटेला लावायचं काम या मुकादमाचं. प्रत्येकाला असे दोन मुकादम मिळतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. तुमच्या घरात दोनांतला एक बिघडलेला आहे, म्हणून हुकूम पुरेसे सुटत नाहीत. पेशी कपाळाला पोचल्या नाहीत की बट पांढरी. डोळ्यात पोचल्या नाहीत की डोळा निळा. कानात पोचल्या नाहीत की ऐकू येत नाही. कुणाच्या वाट्याला काय येईल ते सांगता येत नाही. तुमचे कान वाचले. हिचे नाही."

केराबाईनं स्वतःची बट पदराखाली सारली. मग म्हणाली, "म्हंजे कळपाला हाळी पोचली न्हाय. काही मेंढरं वाटंतच राहिली."

"तसंच."

"अन् देव?"

"देवाचं मला माहीत नाही, मावशी. हे मात्र रक्तात दिसतं."

केराबाईला रडू आलं नाही, राग आला. कारखान्यातल्या बायका आठवल्या. मागणी घालायला आलेला तो माणूस आठवला, ज्याचं तोंडसुद्धा तिला पाहू दिलं नव्हतं. एक हाळी पोचली नाही म्हणून अख्खा जन्म घोंगड्यावर गेला, आणि लोक पाया पडत राहिले. तिला वाटलं, हे आधी कुणी सांगितलं असतं तर? पण सांगणार कोण, दवाखान्यात जायची तरी तिला कुठं मुभा होती.

डॉक्टर पुढं सांगत होती. पोरीला ऐकू येईल. कानामागचे केस काढायचे, चीर द्यायची, आत छोटं मशीन बसवायचं. सरकारी योजनेत होतं. पण बोलणं शिकायचं वय निसटत चाललंय. आणखी थांबलात तर मशीन आवाज पोचवेल, पण त्या आवाजाचे शब्द करायला डोकं शिकणार नाही. आणि कागदावर बापाची सही लागेल.

घरी येऊन केराबाईनं तात्याबाला सगळं सांगितलं. म्हातारा बाजेवर तंबाखू मळत होता. वस्तरा आणि चीर हे शब्द ऐकले आणि त्याचा हात थांबला.

"देवाच्या वस्तूला लोखंड लावतीस?"

"आबा, पोर भैरी हाय. मुकी व्हईल."

"व्हऊ दे. देव तिच्यात बसलाय, त्याला कशाला बोलणं लागतंय? येत्या अवसंला पोरीच्या गळ्यात घंटी बांधायची अन् तुझ्या शेजारी बसवायची. मी समद्यांस्नी सांगून ठिवलंय."

"माजं जरा ऐका."

"देव बोलंल तर ऐकीन. केरा बोलली तर न्हाय."

शहाजी दारात उभा होता. त्याच्याकडं तिनं पाहिलं. तो म्हणाला, "आक्का, आबांच्या म्होरं मी काय बोलू?" ज्याला कडेवर घेऊन वाढवला, तो हा असा. लेकीवर जीव होता त्याचा, नाही असं नाही, पण बापाचा धाक त्या जिवापेक्षा मोठा. सही मिळणार नव्हती. सोनाली चुलीपाशी बसून म्हणाली, "वन्सं, माजी पोर मला कवाच आई म्हननार न्हाय का?"

अमावास्येच्या दिवशी दुपारपासूनच माणसं जमली. अक्कलकोटकडची कानडी बोलणारी मंडळीसुद्धा टेम्पो करून आली. ढोल वाजत होते. सोनमला नवं परकर-पोलकं घातलेलं. ढोलाकडं पाठ करून ती भंडाऱ्याच्या ताटात बोटं फिरवत होती. तात्याबानं पितळेची घंटी हातात घेतली. जिला घंटी ऐकूच येणार नाही, तिच्या गळ्यात घंटी. केराबाईनं ते पाहिलं आणि तिचं ठरलं.

तिनं अंबाडा सोडला. जन्मात न कापलेले केस घोंगड्यावर पसरले. मग ती हलायला लागली, आधी हळू, मग अशी की शेजारचं ताट उलटलं. ढोल आपोआप थांबले. इतक्या वर्षांत तिच्या अंगात कधी आलं नव्हतं. पुढची माणसं मागं सरली. ती बोलली तेव्हा आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"ही पोर मी मागितली न्हाय."

तात्याबा गुडघ्यांवर आला.

"घंटी खाली ठीव. पोरीला सोलापूरला न्या. डोस्क्याला वस्तरा लावा. मला तिचे केस पायजेत. तिचे कान मी उघडणार हाय, डाक्तराच्या हातानं. जो आडवा येईल त्याचा कळप मी ठिवणार न्हाय."

"सही कर रं," कुणीतरी शहाजीला ढोसलं. शहाजीनं हात जोडले. त्यानं होकाराची मान हलवली.

तात्याबा मात्र तसाच बसून होता, मान वर करून. मेंढरू खरंच लंगडतंय की चालायचा कंटाळा आलाय, हे पारखताना तो जसं बघायचा, तसं तो लेकीकडं बघत होता. मग सावकाश म्हणाला, "देवा, पोर तू परत दिलीस. तुजी मर्जी. पर केराचं काय? तिलाबी मोकळी करतूस का?"

केराबाईपुढं दार उघडं होतं. व्हय म्हटलं की झालं. उद्या कात्री, परवा सोलापूर. पण म्हाताऱ्याची नजर तिला लहानपणापासून ठाऊक होती. व्हय म्हटलं असतं तर त्याला तत्क्षणी कळलं असतं की हे देव बोलत नाही, केरा बोलतेय. आणि मग घंटी पुन्हा त्याच्या हातात आली असती.

"केरा माजी हाय," ती म्हणाली. "ती हितंच बसंल. मरंस्तवर."

तात्याबानं जमिनीवर डोकं टेकलं. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," माणसं म्हणाली, आणि भंडारा उधळला गेला.

सोनमचं मशीन बसलं. चालू केलं त्या दिवशी पोर आधी घाबरून रडली, मग स्वतःचं रडणं ऐकून गप्प झाली, असं सोनालीनं येऊन सांगितलं. आता मायलेकी सोलापुरात खोली घेऊन असतात, पोरीला रोज बोलणं शिकायला न्यावं लागतं. महिन्याकाठी वस्तीवर येतात.

केराबाईकडची रांग आता रस्त्यापर्यंत जाते. पूर्वी ती गप्प बसली तरी चालायचं. आता देव बोलतो हे सगळ्यांना ठाऊक झालंय, आणि बोलणाऱ्या देवाला गप्प कोण बसू देणार? न बोललं तर तात्याबाच्या डोळ्यांत ती पारख पुन्हा दिसते, आणि पोरीची शिकवणी अजून पुरी व्हायची आहे. म्हणून दर रविवारी ती केस सोडते, हलते, आणि आयुष्यभर जे केलं नाही ते करते. लोक म्हणतात, केराबाईचं तेज वाढलंय. रविवारी रात्री ती जेवत नाही.

गेल्या रविवारी सोनाली पोरीला घेऊन आली, तेव्हा दर्शन चालू होतं. सोनमचे केस आता कानापर्यंत आलेत, पांढऱ्या बटेला सोनालीनं लाल क्लिप लावली होती. गर्दीच्या पलीकडून पोरीनं आत्याला पाहिलं, आणि तिनं अडखळत, अर्धं गिळत हाक मारली, "आत्या."

कुणीही शिकवलेलं नसताना, म्हणे.

केराबाईनं ते ऐकलं. पुढ्यात एक माणूस हात जोडून बसला होता, बोअरला पाणी लागेल का विचारत होता. शेजारी बाजेवर तात्याबा होता. देव अंगात असताना कुणाची आत्या होता येत नाही. केराबाईनं डोळे मिटून घेतले, आणि त्या माणसाला म्हणाली, "लागंल."

पोरीनं आणखी एकदा हाक मारली. मग सोनालीनं तिला कडेवर घेतलं आणि बाहेर सावलीत नेलं.