राणीमाशीचं खाणं

माझा मुलगा डोंबिवलीत चहात बुडवलेल्या शिळ्या चपातीवर वाढला. आता आम्ही ठाण्यात विसाव्या मजल्यावर राहतो आणि तो चपातीकडे असं बघतो, जणू तिच्यामुळेच त्याचं पोट सुटलं. त्याचा नाश्ता म्हणजे स्मूदी. केळं, ओट्स, बदामाचं दूध, वर मधमाश्यांनी गोळा केलेला पराग आणि फ्रीजमधल्या इवल्याशा बाटलीतली रॉयल जेली. रॉयल जेली म्हणजे माश्या आपल्या राणीला भरवतात ते पांढरट, आंबूस खाणं. एकदा मी बोटावर घेऊन चाखली. जीभच आखडली. "आई, ही इम्युनिटी आहे," तो म्हणाला. पी हळद नि हो गोरी, दुसरं काय! वर्षभर पिऊनसुद्धा साहेबांना जवळच्या खोपटच्या एसटी डेपोपर्यंत चालवत नव्हतं, रिक्षाच लागायची.

मधमाश्यांवर मात्र तासभर बोलायचा. त्या संपल्या तर माणूस उपाशी मरेल, वगैरे. गेल्या वर्षी त्यांनी आमच्याच इमारतीत, जिन्याच्या खिडकीबाहेर पोळं बांधलं, तेव्हा सगळ्यांत आधी हाच किंचाळला, सोसायटीचा सेक्रेटरी ना! मी म्हटलं, "अरे, धूर करून पोळं अलगद काढणारी माणसं असतात. शीळफाट्याकडे मध विकत बसतात, त्यांना बोलाव."

"आई, प्लीज. तुझं गावठी काहीतरी नको."

पेस्ट कंट्रोलवाले आले, औषध मारून गेले. संध्याकाळी जिन्यात मेलेल्या माश्यांचा सडा पडलेला. माणूस उपाशी मरायची काळजी त्या दिवशी कुणालाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. सून कामासाठी पुण्याला गेलेली. ओट्यावर स्टीलच्या डब्यात पोळ्याचा तुकडा होता, मधाने निथळणारा. याने तोच मध घातलेल्या स्मूदीचा स्वतःचा ग्लास संपवलेला, आणि सात वर्षांची माझी नात शाळेच्या गणवेशात दुसरा ग्लास तोंडाला लावत होती.

"हे कुठलं रे?"

"आपल्याच बिल्डिंगचं! एकदम रॉ, कसलं प्रोसेसिंग नाही. जिन्याच्या खिडकीच्या जाळीवर अडकलेलं, मी काढून आणलं."

"काल औषध मारलंय त्यावर!"

"अगं, औषध बाहेरून मारलेलं. मध आत सीलबंद असतो."

मी नातीच्या हातातून ग्लास ओढून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. ती भेदरून रडायला लागली.

"आई, त्यात रॉयल जेली होती!" तो ओरडला.

एवढा शिकलेला माणूस, आणि अक्कल म्हणाल तर शून्य. मी फ्रीजवर लावलेली पेस्ट कंट्रोलची पावती काढून त्याच्यासमोर आपटली. औषधाचं नाव तिच्यावर लिहिलेलं होतं. त्याने ते फोनवर शोधलं, वाचलं आणि त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"आई," तो म्हणाला, "मी तर अख्खा ग्लास प्यायलोय. मला काही होणार नाही ना?"

मुलगी समोरच उभी होती, ओठावर स्मूदीची मिशी घेऊन. तिच्या पोटात किती गेलं, हे त्याने विचारलं नाही. मी विचारलं. "एकच घोट, आजी," ती म्हणाली.

दोघांना घेऊन मी दवाखाना गाठला. दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि दोघंही ठणठणीत म्हणून घरी सोडलं. परतताना रिक्षात मी मुलाच्या तोंडाकडे बघितलं नाही, इतकी मला त्याची किळस आलेली. नातीचं डोकं मांडीवर घेऊन बाहेर बघत बसले.

डोंबिवलीच्या घरात दुधाचा पहिला पेला कायम त्याचा असायचा. त्याची बहीण शेजारीच उभी असायची. तिला उरलंय का, हे त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही त्याला कधी विचारायला लावलं नाही.