मिलिंदनं काहीच लपवलं नाही

मुलचेऱ्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा मी बल्लारपूरला शाळेत शिकवत होते. "ताई, हे न्हाणीत घसरून पडले. डोक्याले मार लागला…" चंद्रपूरच्या दवाखान्यात पोचण्याआधी, गाडीतच, माझा धाकटा भाऊ मिलिंद गेला. दुसऱ्या कुणाचं कदाचित टेंगळावर निभावलं असतं. पण मिलिंदला हिमोफिलिया होता. त्याचं रक्त लवकर गोठत नसे.

रांगायला लागला तेव्हापासून त्याचे गुडघे सुजायचे. दात पडला की उशी रक्तानं भिजायची. आमचा मामाही लहानपणी असाच रक्त जाऊन गेलेला, त्यामुळे घरात खापर फोडायला एकच माणूस होतं… आई. "तुह्या माहेरचं रक्तच नासकं," असं आत्याबाई येता-जाता म्हणत. आई मान खाली घालून ऐकून घ्यायची.

मिलिंद बारावीत असताना नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. पुढं एका लग्नघरी, भरल्या पंगतीत, आत्याबाईंनी पुन्हा तेच काढलं. मिलिंद ताट सारून सुजलेल्या पायावर उभा राहिला.

"आत्याबाई, आईजवळ एक्स गुणसूत्रं दोन आहेत. एकात दोष, दुसरं चांगलं, म्हणून तिले त्रास नाई. लेकराले ती त्यातलं एकच देते. मले दोषाचं आलं, अन् पोराजवळ सावरायले दुसरं एक्स नसते. तिनं का निवडून देल्लं मले? आजपासून माह्या आईले कोणी बोलायचं नाई!"

आत्याबाई पानावरून उठून गेल्या. गेल्या तर गेल्या. आई त्या दिवशी पोटभर जेवली.

मला मात्र आईचं चांगलं एक्स आलं. तपासणीत तसं निघालं. एकाच कुशीतून आलेले आम्ही, आणि वाटणी अशी… कागद हातात घेऊन मी रडत बसले, तर मिलिंदच म्हणाला, "रडून काऊन राह्यली, ताई? एक तरी सुटलं ना घरातलं!"

लग्नाआधी त्यानं वहिनीला स्वतः सगळं सांगितलं. प्रेरणा झाली तेव्हा शेजारच्या बायका म्हणाल्या, "पोरगी झाली, सुटली बिचारी." हा लगेच बोलला, "सुटली नाई. पोरगा असता तर त्याले माह्यं वाय गुणसूत्र गेलं असतं, तो सुटला असता. पोरीले बाप एक्सच देते, अन् माह्याजवळ ते एकच आहे. तिले समजायले लागलं का मीच सांगीन."

आणि त्यानं सांगितलं.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे श्रद्धांजलीला जमले असताना, नातेवाईक वहिनीला बाजूला घेऊन समजावू लागले, "घसरून पडले एवढंच सांगा. पोरीचं लग्न व्हायचं आहे." कॉलेजात शिकणाऱ्या प्रेरणानं ते ऐकलं आणि ती सगळ्यांपुढं जाऊन उभी राहिली.

"माह्या बाबाले हिमोफिलिया होता. त्यायचं एक्स माह्यात आहे. ज्याले चालत नसन, त्यानं माह्या दारात येऊ नये."

मग आई उठली. थकलेल्या पायांनी नातीजवळ गेली, तिचा हात धरला आणि मान वर करून म्हणाली,

"अन् ते माह्यापासून आलं."